मनगटाची दोरी कुठल्या खणात ठेवू? पक्षाघातानंतर घरी काळजी घेणाऱ्यांच्या मुलाखती आणि रॉय यांचा सिद्धांत

रातपाळी:

नमस्कार मंडळी. मी नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करते आहे. त्याआधी सात वर्षं न्यूरो वॉर्डात काम केलं. पेशंटला घरी सोडताना नळीतून भरवायचं कसं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे सगळं घरच्यांना दाखवायचे, आणि ते गेले की पुढे त्यांचं काय झालं ते कधीच कळायचं नाही. म्हणून प्रबंधाला हाच विषय घेतला: पक्षाघात झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांचे अनुभव. डिस्चार्जनंतर तीन ते नऊ महिन्यांच्या टप्प्यातल्या बारा जणांच्या मुलाखती झाल्या आहेत. टाईप सगळ्या मीच केल्या, त्यामुळे कित्येक वाक्यं पाठ झालीत.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे मंजुरीसाठी दिलेल्या संशोधन-आराखड्यात, सैद्धांतिक चौकट म्हणून कॅलिस्टा रॉय यांचं अनुकूलन प्रतिमान (माणूस बदलाशी कसं जुळवून घेतो याचा नर्सिंगमधला सिद्धांत) दिलं होतं. त्यातले चार मोड, म्हणजे जुळवून घेण्याच्या चार बाजू, अशा: शारीरिक, स्व-संकल्पना, भूमिका आणि परस्परावलंबन. मुलाखतीचे प्रश्न त्या चारांवरूनच काढले आणि कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना विषयवार नावं देणं, तेही चार रकान्यांत केलं. विश्लेषणाची पद्धत कोलाईझी यांची, सांगणाऱ्याच्या शब्दांतून अनुभवाचा अर्थ शोधायची.

आता अडचण सांगते. सातव्या मुलाखतीतल्या बाईंच्या यजमानांची उजवी बाजू गेली आहे आणि वाचाही गेली आहे. त्या म्हणाल्या:

"रात्री हे उठायला बघायचे आणि पडायचे. हाक मारता येत नाही ना. मग मी ह्यांच्या डाव्या मनगटाला दोरी बांधायला लागले, दुसरं टोक माझ्या मनगटाला. हात हलला की मला कळायचं. आता दोन महिने झाले, बांधत नाही. पण दोनला आणि चारला जाग येतेच. उठून बघते तर हे शांत झोपलेले. मग मलाच झोप लागत नाही."

झोप मोडते म्हणून मी हे शारीरिक मोडमध्ये टाकलं. राखण करतात म्हणून भूमिकेत टाकलं. दोघांची मनगटं बांधलेली, म्हणून परस्परावलंबनातही टाकलं. एकच उतारा तीन रकान्यांत चिकटवला. "आता बांधत नाही" हे वाक्य मात्र कुठेच बसेना, ते 'इतर'मध्ये गेलं. त्या 'इतर'मध्ये आता एक्केचाळीस ओळी आहेत.

गाईडनी पहिला मसुदा वाचला आणि म्हणाले, "सगळं नीट बसवलं आहेस, पण हे वाचून मला त्या घराबद्दल नवीन काहीच कळलं नाही." रात्रभर विचार केला. त्यांचं म्हणणं खरं आहे.

मला विचारायचंय ते असं. बारा मुलाखती झाल्यावर सिद्धांत बदलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल का? गुणात्मक संशोधनात नर्सिंगचा सिद्धांत घ्यायचाच, तर तो नेमका कुठे घ्यायचा, प्रश्न काढताना की नंतर? मैत्रीण म्हणते ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत घे. ओरेम यांच्याकडे दुसऱ्यावर अवलंबून असलेल्यांच्या काळजीचा विचार आहे हे खरं, पण मग त्या बाईंना काळजी घेणं किती 'जमतं' एवढंच मी मोजत बसेन अशी भीती वाटते.

---

सिनॉप्सिस_मंजूर:

रॉय सोडू नका, एवढंच आधी सांगतो. मंजूर झालेली चौकट बदलायची तर समितीपुढे पुन्हा जावं लागतं आणि त्यात महिने जातात. शिवाय दोष रॉय यांचा आहे असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांचे चार मोड उचललेत आणि बाकीचं प्रतिमान मागे ठेवलंत. केंद्रीय, संदर्भीय आणि अवशिष्ट उद्दीपनं, म्हणजे समोरचं मुख्य आव्हान, भोवतालची परिस्थिती आणि परिणाम नक्की न कळणारे घटक, कुठे गेली? अनुकूलनाच्या पातळ्या कुठे गेल्या? एकात्म, भरपाईची आणि ढासळलेली अशा तीन पातळ्या त्यांनी सांगितल्या आहेत. दोरी बांधणं ही भरपाईची पातळी सरळ दिसते. दोरी सुटली तरी दोनला जाग येते, म्हणजे ती भरपाई अजून अंगात चालूच आहे. हे रॉय यांच्याच भाषेत मांडता येतं. १९७० पासून वापरात असलेलं प्रतिमान चार खणांच्या कपाटासारखं वापरलं तर ते कपाटासारखंच वागणार.

पद्धतीचं नाव मात्र बदला. तुम्ही केलंय ते कोलाईझी नाही. शे आणि शॅनन यांनी २००५ मध्ये आशय-विश्लेषणाचे तीन प्रकार मांडले. त्यातल्या दिग्दर्शित प्रकारात सिद्धांतावरून आधी कोड ठरवतात आणि न बसणाऱ्या मजकुराला नवे कोड देतात. तुमचं काम तेच आहे, आणि त्यात 'इतर'ला हक्काची जागा आहे.

---

माळ्यावरची_पेटी:

रातपाळी, तुमचा उतारा मी तीनदा वाचला. थोडं लांब लिहिते, कारण हीच चूक मी केली होती आणि माझी त्यात दोन वर्षं गेली.

पीएच.डी.ला माझाही विषय काळजी घेणाऱ्यांचाच होता. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, "तुमच्या भूमिकेत काय बदल झाला?" तो मी अठरा जणांना विचारला आणि अठरा जणांनी उत्तर दिलं, "भूमिकेत बदल झाला." एका मुलाने तर "भूमिका" हा शब्द उच्चारायच्या आधी माझ्या कागदाकडे पाहिलं. तो शब्द त्याचा नव्हता, माझा होता, आणि त्याने तो मला सौजन्याने परत दिला. पुढे मी प्रबंधात लिहिलं की 'भूमिका-बदल' ही प्रमुख थीम निघाली! ती निघाली नव्हती, मीच आत ठेवली होती. परीक्षकांनी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सिद्धांत प्रश्नांच्या तोंडी घालू नका. "डिस्चार्जच्या दिवशी घरी पोचल्यावर पहिली रात्र कशी गेली ते सांगा," एवढं विचारा आणि गप्प बसा. सिद्धांत तुमच्या कानात असू द्या. कानात असला की समोरच्याने एखादी गोष्ट ओझरती सांगितली तरी तुम्ही तिथे थांबता. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५४ मध्ये अशा संकल्पनांना संवेदक संकल्पना म्हटलं. कुठे पाहायचं एवढंच त्या सुचवतात, काय दिसेल ते सांगत नाहीत.

आता कोलाईझी. पद्धतीचं नाव चुकलंय या सिनॉप्सिस_मंजूर यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण कारण अजून खोल आहे. कोलाईझी यांची पद्धत तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या वळणाची आहे. आपले पूर्वग्रह आणि आधीचं ज्ञान बाजूला ठेवून अनुभवाकडे पाहायचं, हा तिचा पाया. एका हाताने पूर्वग्रह बाजूला ठेवते म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने रॉय यांचे चार रकाने आखायचे, हे जमत नाही. तत्त्वज्ञ हायडेगर यांच्या वळणाची अर्थनिर्णायक पद्धत घेतली तर पूर्वसमज उघड मान्य करून पुढे जाता येतं. तिथे सिद्धांत चालतो, पण तो तुमचा चष्मा म्हणून कबूल करावा लागतो. यातलं एक निवडा.

आता खरा मुद्दा. त्या बाईंनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि तुम्ही तिचे तीन तुकडे केलेत. तिला सुरुवात आहे: हे पडले. मग मधला काळ आहे: दोरी. मग कधीतरी दोरी सुटली. त्यानंतरचा काळ आहे: दोरी नाही, पण जाग आहे. या गोष्टीचा कणा म्हणजे काळ, आणि तुमच्या चारही रकान्यांत काळाला जागा नाही. म्हणूनच "आता बांधत नाही" हे वाक्य बाहेर पडलं. माझ्या मते त्या मुलाखतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे.

काळ धरणारा सिद्धांत हवा असेल तर अफाफ मेलाइस यांचा संक्रमण-सिद्धांत वाचा, एका अवस्थेतून दुसरीत जाण्याबद्दलचा. १९८६ पासून तो घडत गेला, आणि मेलाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो मध्यम-पल्ल्याचा (फार व्यापकही नाही, फार अरुंदही नाही असा) सिद्धांत म्हणून मांडला. संक्रमणाचे त्यांनी सांगितलेले गुणधर्म तुमच्या उताऱ्याशेजारी ठेवून बघा: जाणीव, सहभाग, बदल आणि वेगळेपण, कालावधी, निर्णायक क्षण. दोरी बांधली ती रात्र निर्णायक. सुटली ती रात्रही निर्णायक. त्या दुसऱ्या रात्रीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कोणी सोडली, का सोडली, हे ट्रान्स्क्रिप्टमध्ये आहे का? मला तरी उताऱ्यात दिसलं नाही.

मर्ल मिशेल यांचा आजारातल्या अनिश्चिततेचा सिद्धांतही बघा. १९८८ च्या मांडणीत अनिश्चितता धोका वाटते की संधी, यावर माणसाचं पुढचं वागणं ठरतं. १९९० मध्ये दीर्घ आजारांसाठी त्यांनी स्वतःच्याच मांडणीची फेररचना केली, कारण काही आजारांत अनिश्चितता संपतच नाही आणि माणूस तिच्यासकट जगायला शिकतो. दोनची आणि चारची जाग मला तिथे नेते. धोका टळला आहे, अंगाला ते अजून पटलेलं नाही.

तुमचा पहिला प्रश्न राहिला, अप्रामाणिकपणाचा. चौकट बदलणं अप्रामाणिक नाही. लपवून बदलणं अप्रामाणिक आहे. 'रॉय यांच्यापासून सुरुवात केली, एक्केचाळीस ओळी बाहेर राहिल्या, त्यात काळ वारंवार येत होता, म्हणून संक्रमणाच्या अंगाने पुन्हा वाचलं' असं सरळ लिहा. मार्गारेट सँडेलोव्स्की यांनी १९९३ मध्येच दाखवून दिलंय की गुणात्मक कामात सिद्धांत निरनिराळ्या टप्प्यांवर आणि निरनिराळ्या रूपांत येतो. निर्णयांची ही नोंद ठेवलीत तर लिंकन आणि गुबा ज्याला अवलंबनीयता (प्रक्रिया तपासता येणं) आणि पुष्टिक्षमता (निष्कर्ष मजकुरातूनच आले हे दाखवता येणं) म्हणतात त्या दोन्हींचा पुरावा आपोआप तयार होतो. प्रश्नावली बदलणार असाल तर एथिक्स कमिटीला सुधारणा कळवा. ते टाळू नका.

एक पळवाट नव्हे, हक्काची वाट सांगते. कोलाईझी यांच्या सात पायऱ्यांतली शेवटची पायरी म्हणजे निष्कर्ष घेऊन पुन्हा त्याच माणसांकडे जाणं. सिनॉप्सिसमध्ये ती पायरी लिहिली असेल तर तुम्हाला सातव्या बाईंकडे परत जाता येईल.

---

आईचा_मुलगा:

मी नर्सिंगमधला नाही. आईला पक्षाघात झाला, तेव्हापासून चार वर्षं मीच बघतो. हा धागा शोधताना सापडला आणि लिहावंसं वाटलं.

माझी अशी एक मुलाखत झाली होती. घेणारी मुलगी फार चांगली होती, प्रश्नही चांगले होते. पण आई शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. आईला बोलता येत नाही, पण समजतं सगळं. मुलीने विचारलं, "तुम्हाला कधी थकवा येतो का?" आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "छे, सवय झाली." त्या आठवड्यात मी बाथरूमचं दार लावून रडलो होतो.

तिच्या अहवालात "सवय झाली" हे वाक्य आलं असणार. कुठल्याही सिद्धांतात ते बसेल, आणि ते खोटं आहे. ताई, तुमच्या बारांपैकी किती मुलाखती पेशंट ऐकत असताना झाल्या, ते एकदा तपासा.

---

रातपाळी:

दादा, तुमचं वाचून हातातलं काम ठेवलं. तपासलं. बारांपैकी पाच मुलाखतींत पेशंट त्याच खोलीत होते. मला तेव्हा ते चांगलंच वाटलं होतं, घरातलं वातावरण सहज राहील म्हणून. वॉर्डात सात वर्षं मी स्वतः सगळ्यांना सांगत आले की वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही, आणि मुलाखत घेताना तेच विसरले. त्या पाचही ट्रान्स्क्रिप्टच्या माथ्यावर आता 'पेशंट समोर' असं लिहिलंय. प्रबंधातही लिहीन.

माळ्यावरची_पेटी ताई, तुमच्या सांगण्यावरून रकाने बाजूला ठेवले आणि प्रत्येक मुलाखतीची एक आडवी रेघ काढली, पक्षाघात झाला त्या दिवसापासून मुलाखतीच्या दिवसापर्यंत. 'इतर'मधल्या एक्केचाळीस ओळी त्या रेघांवर मांडल्या. सव्वीस ओळी 'आता नाही', 'पूर्वी करायचो', 'त्या दिवसापासून' अशा शब्दांच्या निघाल्या. एका सुनेने सासूबाईंना किती वाजता कुठल्या कुशीवर केलं याची वही ठेवली होती. वहीत तेवीस पानं आहेत आणि चोविसावं कोरं. मी विचारलं होतं, "मग वही का थांबवली?" ती म्हणाली, "हातालाच कळायला लागलं." हे उत्तर मी 'स्व-संकल्पना'मध्ये टाकलं होतं.

एक शंका. शोधताना कॅमेरॉन आणि गिन्याक यांची २००८ मधली टप्प्यांची चौकट मिळाली. ती पक्षाघाताच्या काळजीवाहकांसाठीच आहे: घटना व निदान, स्थिरावणं, तयारी, अंमलबजावणी, जुळवून घेणं. मेलाइस सोडून सरळ हीच घेऊ का?

---

माळ्यावरची_पेटी:

वहीचं कोरं पान! मेलाइस ज्याला प्रभुत्व म्हणतात, म्हणजे नवं काम अंगवळणी पडणं, ते याहून स्वच्छ क्वचितच दिसेल.

ती पाच टप्प्यांची चौकट चांगली आहे, पण तिचा हेतू वेगळा आहे. कुठल्या टप्प्यावर काळजीवाहकाला कुठली माहिती, कुठलं शिक्षण, कुठला आधार लागतो, हे ती सांगते. म्हणून सेवेची आखणी करताना ती फार उपयोगी. तुम्ही अनुभवाचा अर्थ शोधताय. विश्लेषण संक्रमणाच्या अंगाने करा आणि नर्सिंगसाठी काय सुचतं ते लिहिताना ही चौकट आणा. तिथे एक जोड द्या. २००४ मध्ये ललित कालरा आणि सहकाऱ्यांनी एकाच केंद्रात ३०० पेशंटांवर चाचणी केली. डिस्चार्जपूर्वी काळजीवाहकांना प्रशिक्षण दिल्यावर त्यांचा भार कमी झालेला दिसला. मग २०१३ मध्ये ३६ पुनर्वसन युनिटांत, ९२८ पेशंट-काळजीवाहक जोड्यांवर तसंच संरचित प्रशिक्षण तपासलं, तेव्हा नेहमीच्या सेवेपेक्षा फरक आढळला नाही. पक्षाघातानंतर लगेचचा काळ अशा शिकवणीला योग्य नसेल, अशी एक शक्यता संशोधकांनी मांडली.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही कूस बदलायला दाखवत होतात. सूनबाईंच्या हाताला कळायला तेवीस पानं लागली. आकड्यांच्या चाचणीला हे मधलं दिसत नाही, तुमच्या बारा घरांत ते आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मेलाइस यांचा सिद्धांत संक्रमण कुठेतरी पोचतं असं गृहीत धरतो. पक्षाघातात दुसरा झटका येऊ शकतो, फिट येऊ शकते, सुधारणा थांबते. काळजी घेणारा पुन्हा पहिल्या रात्रीवर येतो. तुमच्या रेघांवर अशी परतलेली माणसं आहेत का बघा. असतील तर त्यांना सिद्धांताच्या सोयीसाठी पुढे ढकलू नका. तिथे सिद्धांत अपुरा पडतो असं लिहायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

---

सिनॉप्सिस_मंजूर:

तेवीस पानं वाचल्यावर माझा आग्रह थोडा सैल करतो. चौकटीच्या प्रकरणात रॉय राहू द्या, म्हणजे मंजुरीला धक्का नाही. विश्लेषणात मेलाइस आणा आणि बदल का केला ते दोन पानांत लिहा. गाईडची लेखी संमती घ्या. आणि अहवाल लिहिताना कोरेक (COREQ) ही मुलाखतींच्या संशोधनात काय काय सांगायचं याची ३२ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा. मुलाखतीच्या वेळी तिसरं कोणी हजर होतं का, हा मुद्दा त्यात आहेच.

---

रातपाळी:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. गाईडनी मान्य केलं, एथिक्स कमिटीला सुधारणा कळवली. दोन मुलाखती परतलेल्या निघाल्या. एका घरात वडिलांना पाचव्या महिन्यात फिट आली आणि मुलगी पुन्हा त्यांच्या खोलीत झोपायला लागली. त्या दोन वेगळ्या ठेवल्यात.

काल सातव्या बाईंकडे जाऊन आले. यजमान फिजिओकडे गेले होते, त्यामुळे आम्ही दोघीच होतो. मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. दोरीचा भाग आला तशा त्या म्हणाल्या, "हे बरोबर आहे, पण सोडली मी नाही." मी विचारलं, "मग?" आणि गप्प बसले.

त्या म्हणाल्या, "पहाटे जाग आली तर दोरी नुसती माझ्याच हाताला. माझ्या छातीत धस्स झालं. दिवा लावला तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, पाय खाली सोडून. गाठ दातांनी सोडली होती. माझ्याकडे बघितलं आणि डावा हात असा केला, झोप म्हणून. रात्री मी परत बांधायला गेले तर हात मागे घेतला."

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?"

"आनंद व्हायला हवा होता," त्या म्हणाल्या. "मला नुसती भीती वाटली. अजूनही वाटते. पण मी परत बांधली नाही."

माझ्या आडव्या रेघा बारा होत्या, प्रत्येक घराला एक. आज सकाळपासून प्रत्येक रेघेखाली दुसरी रेघ काढते आहे, पेशंटची. सातव्या घरात त्यांची रेघ बाईंच्या रेघेच्या दोन महिने पुढे चालली आहे. बाकी अकरा घरांत पेशंटांनी काय केलं हे मी कोणालाच विचारलेलं नाही, त्यामुळे आधी ट्रान्स्क्रिप्टमध्ये जेवढं सापडेल तेवढं शोधते. मग आठव्या घरी जायचं आहे.